मातृत्वाचा बाजार आणि आपला धर्म

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. तिचे नाव हर्षा चावडा. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमांचे ते फळ होते. शरीराबाहेर फलित केलेल्या बीजापासून जन्मलेले आणि शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेले ते भारतातील पहिले अपत्य. 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द तेव्हापासून मराठी घराघरांत पोहोचला. या घटनेतील एक गोष्ट मात्र आज विस्मरणात गेली आहे. हा पराक्रम एखाद्या पंचतारांकित रुग्णालयात झालेला नव्हता. गिरणगावात, महानगरपालिकेच्या रुग्णालयात, शासकीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने तो घडला. भारतीय वैद्यकाने ही विद्या हाती घेतली ती सामान्य माणसाच्या दारात उभे राहून.

त्यानंतरच्या चार दशकांत चित्र पार पालटले आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत वंध्यत्वनिवारणाची केंद्रे उभी राहिली, हसऱ्या बाळांची चित्रे असलेल्या जाहिराती रस्तोरस्ती झळकू लागल्या आणि ज्या प्रश्नाची चर्चा घरातील वडीलधारी मंडळी दबक्या आवाजात करीत, तो प्रश्न हप्त्यांच्या योजनेसह बाजारात आला. अशा वेळी आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांना एक शंका भेडसावते. हे सारे आपल्या धर्माला मान्य आहे काय? सश्रद्ध मनाने विचारलेल्या या प्रश्नाची टवाळी करण्याचे कारण नाही. तसेच 'विज्ञान आहे, म्हणजे सारे चालते' असे म्हणून तो उडवून लावण्याचेही कारण नाही. त्याचे उत्तर शोधणे हे समाजाचे नेतृत्व करू पाहणाऱ्या प्रत्येक संघटनेचे कर्तव्य आहे.

जगातील अन्य पंथांनी या प्रश्नाची उत्तरे आज्ञेच्या स्वरूपात दिली. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊनचा जन्म झाला. १९८७ मध्ये व्हॅटिकनने अधिकृत निवेदन काढून शरीराबाहेरील गर्भधारणा निषिद्ध ठरवली. पतिपत्नींची स्वतःची बीजे असली तरीही. त्याआधी १९८० मध्ये कैरोच्या अल्-अझहरने पतिपत्नींपुरती परवानगी दिली आणि तिसऱ्या व्यक्तीचे बीज वर्ज्य मानले. हिंदू समाजाला असे एकच पीठ नाही, एकच ग्रंथ नाही, सर्वांवर बंधनकारक असा फतवा काढणारा कोणी धर्माधिकारीही नाही. ही आपली दुर्बलता आहे, असे काहींना वाटते. वस्तुतः ती आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे. आज्ञा नसते तेथे विवेक करावा लागतो आणि विवेक आज्ञापालनापेक्षा कितीतरी कठीण असतो.

या विवेकाची सुरुवात आपल्या परंपरेकडे प्रामाणिकपणे पाहण्यापासून व्हायला हवी. गांधारीच्या गर्भपिंडाचे एकशे एक भाग करून व्यासांनी ते तुपाच्या कुंभांत ठेवले, देवकीचा गर्भ रोहिणीच्या उदरी गेला म्हणून बलराम संकर्षण झाला, द्रोणाचार्य कलशातून जन्मले, या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्यांचा दाखला देऊन 'आमच्याकडे हे शास्त्र पाच हजार वर्षांपूर्वीच होते' असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान परिषदेत एका कुलगुरूंनी तसे म्हटले आणि जगाला हसण्याची संधी मिळाली. महाभारताचा गौरव वाढवायला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही. या कथांमध्ये आपल्या कामाचे जे आहे, ते निराळेच आहे. अपत्यजन्माचा मार्ग नेहमीचा नव्हता म्हणून व्यासांनी कौरवांना हीन लेखले नाही, बलरामाचे देवत्व उणावले नाही, द्रोणांचे आचार्यपद कोणी नाकारले नाही. माणसाचे मूल्य त्याच्या कर्मावर ठरले. दुर्योधनाचा नाश कुंभातील जन्मामुळे झाला नाही, तो अधर्मामुळे झाला.

त्याच महाभारतात नियोगाची कथा आहे आणि तिचे वाचन आपण फार वरवर करतो. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला. कुळ टिकावे म्हणून सत्यवतीने व्यासांना पाचारण केले. अंबिकेने भयाने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली. एकीचा पुत्र अंध, दुसरीचा पांडुवर्ण जन्मला. सिंहासनाला वारस हवा होता. त्या दोघींना काय हवे होते, हे कोणी विचारले नाही. महाकवीने ती भीती झाकून ठेवली नाही, तिचे परिणाम पुढच्या पिढीच्या शरीरावर दाखवले. कुळाच्या गरजेसाठी स्त्रीचे शरीर तिच्या मनाविरुद्ध राबवले तर त्याची किंमत सारे कुळ मोजते, हा इशारा त्या कथेत आहे. पुढे धर्मशास्त्रकारांनी नियोगाला कलिवर्ज्य ठरवले. म्हणजे आपल्या शास्त्रकारांनी काळ पाहून, अनुभव पाहून नियम बदलले. धर्म हा गोठलेला नसतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

सत्याशी इमान हे विज्ञानाचेही व्रत आहे आणि या क्षेत्राच्या भारतीय इतिहासात त्याचे दोन्ही नमुने आहेत. हर्षाच्या जन्माआधी आठ वर्षे, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली. ती दुर्गा या नावाने ओळखली गेली. लुईस ब्राऊननंतर अवघ्या सत्तर दिवसांत झालेला हा जन्म. त्या वेळच्या डाव्या आघाडीच्या सरकारने समिती नेमली आणि समितीने हा दावा खोटा ठरवला. डॉ. मुखर्जींना आपले संशोधन मांडण्यासाठी जपानला जाऊ दिले गेले नाही, त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवणाऱ्या राजवटीत एका वैज्ञानिकाचा असा बळी गेला! त्याच्या उलट आनंदकुमार यांचे वर्तन पाहा. मुखर्जींची टिपणे अभ्यासल्यानंतर १९९७ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले की, भारतातील पहिल्या यशाचे श्रेय आपले नसून मुखर्जींचे आहे. पहिलेपणाचा मान आपल्या हाताने दुसऱ्याला देणारा हा वैज्ञानिक ऋषिपरंपरेतला म्हणावा लागेल.

आता दूरचा इतिहास बाजूला ठेवून आपल्या दाराशी येऊ. नवी मुंबईच्या उत्तर टोकाचे दिघा घ्या. ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीचे कारखाने आणि डोंगराच्या कडेने वाढत गेलेल्या वस्त्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये येथील अनधिकृत इमारतींवर कारवाई सुरू झाली, तेव्हा आयुष्याची पुंजी घरात घालून बसलेल्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानक सुरू झाले आणि ठाणे काही मिनिटांवर आले. अशा वस्तीतील कारखान्यात पाळी करणारा एखादा तरुण आणि त्याची पत्नी यांची कल्पना करावी. लग्नाला चार वर्षे झाली, पाळणा हललेला नाही. गावाहून सासूबाईंचे दूरध्वनी येतात. कोणी वडाच्या प्रदक्षिणा सुचवतो, कोणी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करून या म्हणतो. शेजारच्या डोहाळजेवणाचे बोलावणे तिला येत नाही. आलेच तर ओटी भरण्यासाठी तिला पुढे केले जात नाही. शेवटी ती दोघे ठाण्याच्या एखाद्या केंद्रात जातात आणि एका आवर्तनाला दीड-दोन लाख रुपये, असे ऐकून परततात. पुढे कर्ज किंवा मंगळसूत्र. आणि तरुण वयातही एका आवर्तनात यशापेक्षा अपयशाचीच शक्यता अधिक असते, हे त्यांना स्पष्टपणे सांगणारा कोणी भेटेलच असे नाही.

या जोडप्याला सर्वांत मोठी जखम कोणी केली? तंत्रज्ञानाने नाही. ती आपण केली, आपल्या घरांनी, आपल्या हळदीकुंकवांनी. 'वांझ' हा शब्द मराठीत केवळ स्त्रीसाठी आहे. पुरुषासाठी त्या तोलाचा शब्द भाषेने घडवलाच नाही. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, अपत्य न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडेही कारण असते. एका साध्या वीर्यतपासणीने जे कळले असते, ते कळण्याआधी स्त्रीच्या वर्षानुवर्षे चाचण्या होतात, कारण पतीची तपासणी करणे हा घराण्याचा अपमान मानला जातो. आपल्याकडे स्त्रियांमध्ये जननेंद्रियांचा क्षयरोग हेही वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. क्षयाचे उपचार शासन विनामूल्य देते. वेळेवर निदान झाले तर काही जोडप्यांना महागड्या केंद्रापर्यंत जाण्याची पाळी येणारही नाही. पण त्यासाठी प्रश्न उघडपणे बोलला जावा लागतो. लज्जा जेथे बोलू देत नाही, तेथे बाजार बोलतो.

आणि बाजाराने काय केले, हे आपण पाहिले आहे. या शतकाच्या आरंभी भारत हा 'सरोगसी'चा, म्हणजे भाड्याने गर्भ वाढवून देण्याचा जागतिक बाजार बनला. गुजरातमधील आणंदचे नाव जगभर झाले. २००८ मध्ये एका जपानी दांपत्यासाठी भारतीय स्त्रीच्या उदरी वाढलेल्या मांजी नावाच्या बालिकेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कारण तिच्या जन्मापूर्वीच त्या दांपत्याचा घटस्फोट झाला होता आणि तान्ह्या जिवाचे आईवडील कोण, तिचे राष्ट्रीयत्व कोणते, हे कोणालाच सांगता येईना. आपल्या मराठीत समृद्धी पोरे यांनी 'मला आई व्हायचंय!' हा चित्रपट याच विषयावर केला. परदेशी स्त्रीसाठी मूल वाढवणारी विदर्भातील गरीब आई त्यात आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, प्रेक्षकांचे डोळे पाणावले. पण धंदा चालूच राहिला. नऊ महिने वाढवलेल्या जिवाशी नाते तोडण्याची किंमत ठरवता येते, हा विचार कोणत्या संस्कृतीचा? भोग हेच ज्यांचे तत्त्वज्ञान, त्यांना तो सहज सुचेल. मातेला देव मानणाऱ्या भूमीने तो इतकी वर्षे खपवून घेतला, ही खेदाची गोष्ट आहे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दोन कायदे करून या बाजाराला लगाम घातला, ते योग्यच झाले. व्यावसायिक सरोगसीवर बंदी आली. उदरात मूल वाढवणारी स्त्री विवाहित आणि स्वतःचे अपत्य असलेली हवी, आयुष्यात एकदाच तिने हे करावे, वैद्यकीय खर्च आणि विमा यापलीकडे तिला मोबदला देऊ नये, असे ठरले. स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीचे वय २३ ते ३५ असावे, तिने जन्मात एकदाच बीजे द्यावीत आणि सातपेक्षा अधिक काढू नयेत, असे बंधन घातले गेले. केंद्रांना नोंदणी सक्तीची झाली. या कायद्यांवर टीका करणारे काही विचारवंत म्हणतात की, स्त्रीचे शरीर तिचे आहे, ते वापरून तिने पैसे मिळवले तर शासनाने आडवे का यावे? हा युक्तिवाद दिसायला स्त्रीमुक्तीचा, प्रत्यक्षात दलालांच्या सोयीचा आहे. धनिक घरातील स्त्री दुसऱ्याचे मूल पैशासाठी उदरात वाढवीत नाही. ज्या घरी चूल पेटण्याची चिंता असते तेथूनच ही 'निवड' येते. २०२२ मध्ये तामिळनाडूत इरोड येथे एका अल्पवयीन मुलीची स्त्रीबीजे खोट्या कागदपत्रांवर वारंवार काढली गेल्याचे उघडकीस आले. कायदा झाल्यानंतरची ही स्थिती! कायद्याची वही आणि वस्तीतील वास्तव यांच्यामध्ये दलाल उभा असतो. त्याला ओळखण्याचे काम पोलिसांइतकेच वस्तीत रोज वावरणाऱ्या कार्यकर्त्यांचे आहे.

या विद्येचा आणखी एक दुरुपयोग महाराष्ट्राने विसरता कामा नये. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. प्रयोगशाळेत भ्रूणाची तपासणी शक्य झाल्यावर, गर्भ राहण्याआधीच मुलगा निवडण्याचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या खुला झाला. कायद्याने तोही गुन्हा आहे. नवरात्रात कन्यापूजन करायचे आणि डॉक्टरांकडे जाऊन 'मुलगाच हवा' असे सुचवायचे, या दुटप्पीपणाला धर्माचे नाव देता येणार नाही.

मग दत्तकाचे काय? आपल्या शास्त्रांनी पुत्रांचे बारा प्रकार मानले आणि कलियुगासाठी त्यांतील दोनच मुख्यत्वे शिल्लक ठेवले: औरस आणि दत्तक. म्हणजे दत्तकाला औरसाच्या पंगतीत बसवले. इतकेच नव्हे, या हक्कासाठी या देशाने रक्त सांडले आहे. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा गिळले, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर खालसा केले. ज्या दामोदररावासाठी राणी लक्ष्मीबाई लढली, तो तिच्या पोटचा नव्हता. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला आपलेसे केले आणि त्याला डॉक्टर बनवले. श्रीकृष्णाला जन्म देवकीने दिला, पण भक्तांच्या ओठी तो यशोदेचा आहे. एवढा वारसा असताना 'आपल्या रक्ताचे हवे' या हट्टापायी कर्जबाजारी होणारी आणि शरीराची दुर्दशा करून घेणारी जोडपी पाहिली की वाटते, डलहौसीचा निकाल आपण मनातून मान्य तर केला नाही ना? कांजूरमार्गच्या वात्सल्य ट्रस्टसारख्या संस्था अनेक वर्षे निराधार बालकांना घरे मिळवून देत आहेत. दत्तकाची कायदेशीर प्रक्रिया लांब आहे, प्रतीक्षा मोठी आहे, हे खरे. ती सुकर व्हावी यासाठी समाजाने आग्रह धरला पाहिजे.

दत्तक असो वा दात्याच्या बीजापासून झालेले अपत्य, त्याला त्याच्या जन्माचे सत्य सांगावे की नाही, हा प्रश्न उरतोच. बहुतेक घरे तो झाकून ठेवतात. मराठी माणसाने तरी तसे करू नये. कारण 'मृत्युंजय' आणि 'राधेय' या कादंबऱ्या मराठी घरांनी मनापासून वाचल्या आहेत. कर्णाचे दुःख राधेच्या मायेत काही कमी होते म्हणून नव्हते. ज्यांना सत्य ठाऊक होते, ते गप्प राहिले आणि ते सत्य युद्धाच्या उंबरठ्यावर त्याच्यासमोर आले, हे त्याचे दुःख होते. सारे कळल्यावरही त्याने राधेला सोडले नाही. योग्य वयात, योग्य शब्दांत सांगितलेले सत्य मायेला तोडत नाही, हा विश्वास पालकांनी बाळगावा.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर येथे सरसंघचालकांनी घटत्या जननदराबद्दल समाजाला सावध केले. त्याची चर्चा पुष्कळ झाली. मग ज्यांना एकही अपत्य नाही आणि ज्यांना ते हवे आहे, त्यांच्याकडे समाजाने पाठ फिरवावी काय? गोव्याच्या शासनाने २०२३ मध्ये आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे उपचार विनामूल्य सुरू केले. केईएमचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने मागे राहण्याचे कारण नाही. प्रत्येक महसूल विभागात किमान एका शासकीय रुग्णालयात ही सोय असावी, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे ठामपणे केली पाहिजे.

आणि जे शासनाने करायचे नाही, ते आपण करावे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत हा विषय निघावा. लग्न ठरवताना, लग्नानंतर आणि अपत्याला विलंब झाल्यास पतीनेही तपासणीला जावे, हे घरातील वडीलधाऱ्या पुरुषांनी सांगावे. ते सुनेने सांगायचे नसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला निपुत्रिक भगिनीला सन्मानाने बोलवावे आणि तिच्या हातून ओटी भरून घ्यावी. हे करायला कोणत्याही कायद्याची दुरुस्ती लागत नाही, एक पैसाही लागत नाही. लागते ते एखाद्या सासूचे, एखाद्या नणंदेचे थोडे धैर्य.

उपचार घ्यावे की घेऊ नये, दत्तक घ्यावे की अपत्याविना समाधानाने जगावे, हा निर्णय त्या पतिपत्नींचा आहे. त्यांच्या निर्णयामागे दडपण असू नये, फसवणूक असू नये आणि दुसऱ्या एखाद्या गरीब स्त्रीच्या शरीराची किंमत असू नये, एवढे पाहणे हा समाजाचा धर्म आहे. गर्भाधान हा आपल्या सोळा संस्कारांतील पहिला संस्कार. ज्या समाजाने मनुष्यजन्माच्या आरंभालाच संस्कार मानले, त्याला त्या आरंभाचा सौदा मुकाट्याने पाहता येणार नाही. येत्या संक्रांतीला आपल्या वस्तीतील किती घरांतून त्या दुर्लक्षित भगिनीला पहिले वाण दिले जाते, यावर आपली धर्मनिष्ठा पारखली जाईल.